कागदाला सिग्नल दिसत नाही

अहो, आज सकाळी दूध उतू गेलं.

मी ओट्यापाशीच लसूण सोलत बसले होते. भांडं डोळ्यासमोर होतं, तरी गेलं. कारण बाहेरच्या खोलीतून कुणी "दूध!" म्हणून ओरडलं नाही. ही खोड तुम्हीच घराला लावलीत. पेपर वाचता वाचता तुम्हाला वास लागायचा, तुम्ही ओरडायचात, "दूध!" आणि आतून मीही ओरडायचं, "दूध!" तेसुद्धा आधी बघून, मग. कणीक मळताना मान न वळवता मी नुसतंच "दूध" म्हणून मोकळी व्हायचे आणि तिकडं शेगडी विझायची. मग तुमचं सुरू, "बाई, तू बगून न्हाई, ऐकून बोललीस." गावानं मला शाळेची बाई म्हणून बाई म्हणावं हे ठीक, पण नवऱ्यानंही बाईच म्हणावं? पंचवीस-तीस वर्षं ऐकलं. आता कुणी म्हणेना, तर कान दुखायला लागलेत.

तुमच्या इंजिनातली रीत ती. डायवर आणि असिस्टंट, दोघं शेजारी. समोर सिग्नल आला की एकानं रंग पुकारायचा, आणि दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच रंग परत पुकारायचा. रेल्वेनं तुम्हाला लोको पायलट केलं तरी आपल्या पूर्णेत तुम्ही डायवरच राहिलात आणि घरात मी तुमची बिनपगारी असिस्टंट. परभणीला स्कूटरवर जाताना चौकात तुम्ही मोठ्यानं "लाल!" म्हणायचात, आणि मागं बसलेली मी "लाल" म्हणेपर्यंत मान वळवून वाट बघायचात. एकदा शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं होतं, "मामा, मावशीला दिसत न्हाई का?" तुम्ही म्हणालात, "दिसतं, पण बगत न्हाई." मी चौक ओलांडेपर्यंत तुमच्या पाठीत बुक्क्या मारत होते.

परवा तुमचा तेरावा झाला. लोक येतात, सतरंजीवर बसतात, डायवरसाहेब किती सज्जन होते ते सांगतात. मी मान हलवते. खरं सांगू? मला तुमचं कौतुक नको झालंय. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही मध्येच उठून गेलात, सकाळी अंघोळीला पाणी काढलं होतं ते तसंच ठेवून. असं कुणी जातं का हो?

भांडण कशावरून, ते तुम्हाला सांगायला नको. मेडिकलवरून.

आपल्या गल्लीत डायवरांच्या बायकांना नवऱ्याच्या वाढदिवसापेक्षा मेडिकलची तारीख पक्की ठाऊक. पंचेचाळिशीच्या आत असेपर्यंत चार वर्षांनी, मग दोन वर्षांनी, पंचावन्न झाली की दरवर्षी. पास झालं की तेवढ्या मुदतीचा कागद मिळायचा आणि तोवर घर निवांत. मेडिकल जवळ आलं की घराला परहेज लागायचं. गूळ माझ्या कपाटात कुलपात. सकाळी कारल्याचा रस, दुपारी गाजर, संध्याकाळी स्टेशनपर्यंत पायी. पलीकडची म्हणायची मेथी भिजवून द्या, अलीकडची म्हणायची तळपायाला तूप चोळा, डोळे गार राहतात. मी दोन्ही करायचे. तुम्ही दारात उभं राहून भिंतीवरच्या कॅलेंडरातली बारीक अक्षरं वाचून दाखवायचात, "चतुर्थी, चंद्रोदय..." आणि मी आतून ओरडायचे, "हे पाठ आहे तुम्हाला! पान उलटा आणि पुढच्या महिन्याचं वाचा!" तुम्ही हसायचात आणि खरंच पान उलटायचात.

नुसतं मेडिकलच कुठं? दर थोड्या वर्षांनी पुन्हा ट्रेनिंगला जायचं, मध्येच एखादा साहेब इंजिनात बाजूला बसून तुम्ही गाडी कशी चालवता ते बघायचा. आणि तीन महिने एखाद्या मार्गावर गेलं नाही की तो रस्ता पुन्हा शिकायचा. टायफॉइडनं तुम्ही अंथरुणाला खिळला होतात, त्यानंतर परळीच्या मार्गावर तुम्हाला तुमच्याहून लहान डायवरच्या शेजारी बसवून रस्ता दाखवला होता. जन्म गेला त्या रुळांवर! मला राग आला होता तुमच्या वतीनं. तुम्ही शांत. "रस्ता तोच राहत न्हाई, बाई. एखादा सिग्नल हलवत्यात, एखादा नवा लावत्यात. ज्याला वाटतं आपल्याला समदं पाठ हाय, त्याला बगायची गरज वाटत न्हाई." मी म्हटलं, "मग मला गंगाखेडला सोडा. तीन वर्षं झाली माहेरी जाऊन, मलाही रस्ता शिकावा लागंल." तुम्ही पुढच्याच रविवारी नेलंत.

असे होतात तुम्ही. म्हणून तर त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला.

त्या वर्षी मेडिकल नव्हतंच. आदल्याच वर्षी पास होऊन आला होतात, कागद अजून वर्षभर चालणार होता. दुपारी तुम्ही परळीहून गाडी घेऊन आलात आणि बूट न काढता पायरीवर बसलात. मी पाणी आणलं तर तांब्या हातात धरून ठेवलात. मग म्हणालात, "बाई, गंगाखेडच्या पुलाअलीकडचा सिग्नल आज मी बगून न्हाई पुकारला. संतोष बोलला 'पिवळा', मी बोललो 'पिवळा'. मला नुसता उजेड दिसला. रंग त्याच्या तोंडातून आला."

संतोष तेव्हा तुमचा असिस्टंट.

"किती दिवसांपासून होतंय असं?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई. तेच तर."

मी म्हटलं, झालं का काही वाकडं? नाही ना? मग कामून जिवाला लावून घेता? दमला असाल. ऊन किती आहे. तुम्ही म्हणालात, उद्या जाऊन सांगतो, डोळे तपासा म्हणून. आणि माझा तोल गेला. पोरगी पुण्याला शिकत होती, शेवटचं वर्ष. गाडीवरचा भत्ता बंद होणार, आणि तुम्हाला कुठंतरी खुर्चीवर नेऊन बसवणार, हे मला काय कळत नव्हतं? मी म्हटलं, "कागद चालतो ना अजून? वर्षानं मेडिकल येईल तेव्हा काय ते बघू. आणि संतोष आहे की शेजारी, त्याचे दोन डोळे धड आहेत."

तुम्ही बूट काढत काढत बोललात. "दोगं कामून बसवलेत? एक चुकला तर दुसऱ्यानं धरावं म्हणून. मी त्याचंच बोलणं परत बोलायलो, तर इंजिनात एकच माणूस हाय."

"पण कागद—"

"कागदाला सिग्नल दिसत न्हाई, बाई."

त्यावर मी जे बोलले ते तुम्हाला आठवत असेल. "तुमच्या खरेपणाची हौस आम्ही कामून फेडायची?" तुम्ही बूट उचलून कोपऱ्यात ठेवलेत आणि हातपाय धुवायला गेलात. उत्तर दिलं नाहीत. अजूनही दिलेलं नाही.

मजा बघा, मी शाळेत शिकवते काय? वर्गात फळ्यावरचं वाचा म्हटलं की पुढच्या बाकावरचा एक वाचतो आणि मागची सगळी त्याच्या मागनं गातात. चाळीस पोरं, आवाज असा की वाटावं सगळ्या वर्गाला येतंय. मी एकेकाला उभं करून वाचायला लावते, तेव्हा कळतं कुणाला येतं आणि कुणाला नाही. हे मला रोज दिसतं. आणि तुम्ही स्वतःहून उभं राहिलात, तर म्हटलं खाली बसा.

दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून एकटेच गेलात. मी डबा दिला, दारापर्यंत आले नाही. दवाखान्यात सांगितलं, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, आणि इंजिन बंद. डायवरांनी ड्यूटीवर निघण्याआधी जिथं हजेरी लावायची त्या लॉबीत तुम्हाला बसवलं. येईल त्याला यंत्रात फुंकायला लावायचं, दारू प्यायलाय का बघायचं, वही पुढं करायची. तुम्हाला त्याची लाज नव्हती, मला होती. भाजीला मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायचे. बायका विचारायच्या, "कामून उतरले हो साहेब गाडीवरून? मेडिकल तर नव्हतं लागलं." मी म्हणायचे, "त्यांनाच विचारा." तुम्ही मात्र घरी येऊन सांगायचात, आज अमक्याचे डोळे तांबडे होते, त्याला म्हटलं झोप झाली न्हाई तर गाडी घेऊ नको, आज तमका फुंकताना हसला. जसं काही अजून तुमच्याच गाड्या जायच्या. पोरीचं शिक्षण झालं, नोकरी लागली, ती एकदाही मागं पडली नाही. हेही मी तुमच्यापुढं कधी कबूल केलं नाही.

आता ते साडीचं.

गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, आणि दोरीवर माझी लाल साडी होती. तुम्हीच आणलेली, परभणीच्या बाजारातून, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. दुकानदारानं दहा साड्या दाखवल्या आणि तुम्ही म्हणालात, "लाल द्या. लांबून ओळखू येती." तर त्या दिवशी तुम्ही पाखरं हाकायला खाटेवर बसला होतात आणि एकदम म्हणालात, "बाई, ही पिवळी साडी लय चांगली दिसते. नवी घेतली का?"

भर दुपारची वेळ होती. ऊन लख्ख. साडी तुमच्यापासून चार पावलांवर.

मी म्हटलं, "हो. चांगली आहे ना?"

"लय चांगली हाय."

मी खाली आले आणि मोरीत उभी राहून नळ सोडून रडले. तुम्ही अजून इंजिनावर असतात तर? लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे सावकाश पुढं जा, एवढं तर गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. त्या दुपारी मला आपलं भांडण संपवता आलं असतं. "तुमचं बरोबर होतं," एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं तर कशावरून हे सांगावं लागलं असतं, आणि ती साडी लाल आहे हेही. तुम्हाला जिंकवायला मला तुमच्याच हातची साडी काढून घ्यावी लागली असती. नाही जमलं. तुम्ही हरलेले बरे, पण साडी चांगली दिसू दे, असं वाटलं. म्हणून तुम्ही गेलात त्या दिवसापर्यंत ती आपल्या घरात पिवळीच होती, आणि भांडण तसंच.

काल दुपारी संतोष आला. तेराव्याला सगळ्यांसोबत येऊन गेला होता, आता एकटाच. तो आता स्वतः गाडी चालवतो, शेजारी नवा असिस्टंट असतो. केळी आणली होती. चहा घेतला नाही. तुमच्या फोटोकडं पाठ करून बसला.

"काकू, एक विचारू? रागवू नका. काकांनी तवा केलं, ते बराबर केलं का?"

मला वाटलं, तुमच्या आठवणीनं बोलतोय. मी म्हटलं, "आता काय त्याचं?"

"न्हाई, लॉबीत समद्यांला म्हाईत हाय, तुमी त्यांना लय अडवलं होतं. म्हणून म्हणलं तुमालाच विचारावं." मग केळ्यांच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत म्हणाला, "मला बी जरा... लांबचा सिग्नल उशिरा कळायलाय. पोरगं पुकारतं, मग मी पुकारतो. दोन-तीन डाव झालं. थकल्यानं होत असंल, न्हाई का?"

"मेडिकल कधी आहे?"

"तीन वर्षं हायत अजून." आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "कागद चालतो, काकू."

अहो, ऐकलंत? हे माझंच बोलणं होतं. ज्या आवाजात मी बोलले होते, त्याच आवाजात. तो उगाच नव्हता आला. तुम्ही असतात तर तो तुमच्याकडं फिरकला नसता, तुमचं उत्तर त्याला ठाऊक होतं. तो माझ्याकडं आला होता, कारण अख्ख्या पूर्णेत एकच बाई त्याला "थांब रे, काही होत नाही" म्हणेल असं त्याला वाटलं होतं.

आणि खोटं कशाला बोलू, जिभेवर तेच आलं होतं. त्याची दोन्ही लेकरं शाळेत. त्याची बायको मला मावशी म्हणते, उद्या ती दारात येऊन मलाच बोल लावेल, म्हणेल तुमच्या नवऱ्यानं एक घर खाली बसवलं, तुम्ही दुसरं बसवलंत. चष्म्याचा नंबर असेल, म्हणून टाकावं आणि मोकळं व्हावं. दूध म्हटल्यासारखं.

मी विचारलं, "आज ड्यूटी आहे?"

"हाव. संध्याकाळी परळीची."

"संतोष, तू बघून पुकारतोस का ऐकून?"

घरामागून एक मालगाडी जात होती, तिचे डबे संपेपर्यंत तो खिडकीतून बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "ऐकून."

"मग आजची गाडी घेऊ नकोस. इथूनच फोन लाव लॉबीत."

"काकू, तुमीच तर काकांला—"

"हाव, मीच. मीच अडवलं होतं. आणि तेच बरोबर होते. कागदाला सिग्नल दिसत नाही, बाबा."

बोलले, आणि माझं मलाच ऐकू आलं. इतकं सोपं होतं हो. जिवंतपणी तुमच्यासमोर निघालं नाही, त्या पोरापुढं निघालं.

तो रडला. मोठा बाप्या, मिशीवाला, सतरंजीवर बसून पोरासारखा रडला. म्हणाला, "इंजिनावरून उतरलो तर मी कोण हाय, काकू?" मी त्याला उगं खोटा धीर दिला नाही. म्हटलं, माहीत नाही. पण यांनी उशीर केला होता, त्यांना कळलंच उशिरा. तुला लवकर कळलंय, कदाचित औषधानं निभावेल, पुन्हा गाडी मिळेलही. नाही मिळाली तर नाही. लॉबीतल्या खुर्चीवर बसूनही माणूस माणूसच राहतो, मी रोज बघितलाय. फुंकायला लावून घरी यायचा आणि एकेकाचं अशा जबाबदारीनं सांगायचा की जणू सगळ्या गाड्या त्याच्याच.

मग त्यानं फोन लावला. मी शेजारी बसून राहिले. तो म्हणाला, "साहेब, मला डोळे दाखवायचेत. आज गाडी घेत न्हाई." पलीकडून काय म्हणाले ते मला कळलं नाही. तो "हाव, हाव" म्हणत राहिला.

उद्या सकाळच्या गाडीनं तो दवाखान्यात निघालाय. त्याची बायको येणार आहे, आणि मीही. शाळेला रजा टाकलीय. तुमच्या वेळी दारापर्यंत आले नव्हते, उद्या तपासणीच्या खोलीपर्यंत जाणार आहे. काय निघेल देव जाणे. साडी तीच नेसणार आहे, तुमची. पोराचं आत बोलावणं आलं की वळून बघेल ना तो, गर्दीत लांबून ओळखू आली पाहिजे.

ती लाल आहे, अहो. पहिल्यापासून लालच होती. तुम्हाला आता सांगते.

आणि लोकांना काय वाटायचं ते वाटू दे, बाईंनी नवऱ्याचं वाक्य उचलून म्हटलं म्हणतील. तसं नाही हो. तुम्ही पुकारलंत, मी एवढ्या उशिरानं परत पुकारलं. पण ऐकून नाही. बघून.